श्वासाला लागणारे हात

(येवला येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एक छोटं काम करू या. मनगटावरच्या घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे बघा आणि एक मिनिटभर आपापले श्वास मोजा. छाती वर गेली, खाली आली, की एक.

झालं? बहुतेकांचा आकडा बारा ते वीसच्या दरम्यान आला असेल. काही जण म्हणतील, मोजायला लागलो आणि श्वासाची लयच बिघडली. तसं होतंच. मिनिटाला पंधरा धरले, तर तासाभराच्या या व्याख्यानात आपण प्रत्येकी नऊशे श्वास घेणार आहोत आणि त्यांतला एकही आपल्या ध्यानात राहणार नाही. आजचा आपला विषय एवढाच आहे: हे नकळत चालणारं काम थांबलं, तर ते आपल्यासाठी कोण करतं, कशानं करतं, आणि माणसाला ते केव्हापासून जमायला लागलं?

हा विषय आम्ही येवल्यातच का मांडतोय, तेही सांगतो. एप्रिल २०२१. आमच्या घरातल्या एका ज्येष्ठांना इथून नाशिकला हलवायचं होतं. इथे जागा नव्हती, रुग्णवाहिका अडकलेली. शेवटी ओळखीच्या गाडीतून निघालो, सोबत एक छोटा सिलिंडर. भरलेला असता तर त्यात दीड हजार लिटर प्राणवायू मावतो. काटा दाखवत होता निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे आठशेच्या आसपास. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मिनिटाला दहा लिटर द्या. गणित सोपं आहे, ऐंशी मिनिटं. आणि विंचूर, निफाड, चांदोरी करत नाशिक साधारण ऐंशी किलोमीटर. त्या दिवसांत नाकाबंदी, वळणं, शहरातली शोधाशोध धरून दोन तास. म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावून, आकडा नव्वदच्या खाली जाऊ न देता, आम्ही तो नळ दहावरून आठ, आठवरून सहा असा कमी करत गेलो. पोचलो. ते वाचले. पण त्या प्रवासात आम्हाला पहिल्यांदा कळलं, की श्वास ही लिटरमध्ये, मिनिटांत आणि किलोमीटरमध्ये मोजायची गोष्ट असू शकते.

पुढे या विषयाचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा एक गोष्ट खटकली. हा इतिहास बहुतेकदा यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. आधी हे यंत्र आलं, मग ते, मग आजचा व्हेंटिलेटर. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. यंत्र या साखळीची शेवटची कडी आहे. तिच्याआधी असतात शिकलेले हात, आणि त्या हातांपर्यंत वेळेवर पोचणारी हवा. जिथे या दोन गोष्टी होत्या तिथे माणसं वाचली. जिथे नव्हत्या तिथे चांगल्यातलं चांगलं यंत्रसुद्धा उभं राहून बघत बसलं.

सूप, फुंकर आणि भाता

सुरुवात बाळापासून करू, कारण श्वासाला मदत लागणारा पहिला माणूस म्हणजे जन्मलेलं आणि न रडणारं मूल. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अशा बाळासाठी उपाय दिलेत. त्याच्या कानांजवळ दगडावर दगड आपटा, तोंडावर कधी गार तर कधी कोमट पाणी शिंपडा, सुपानं वारा घाला. हसू येतं, पण विचार करा: आवाज, पाणी, वारा ही सगळी चेतवण्याची साधनं आहेत. आजही नवजात बाळ रडलं नाही तर पहिली पायरी हीच, कोरडं पुसा, पाठ चोळा, तळव्यावर टिचकी मारा. आपल्याकडच्या कितीतरी सुईणी बाळाच्या तोंडात फुंकर घालत. त्यांना शरीरशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण हवा आत जायला हवी हे ठाऊक होतं.

युरोपात १५४३ साली आंद्रेयास व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञानं आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एक प्रयोग लिहून ठेवला. प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकलं, तर फुप्फुसं फुगतात आणि मंदावलेलं हृदय पुन्हा जोर धरतं. आजच्या अतिदक्षता विभागात नेमकं हेच चालतं. नळी आणि आत ढकललेली हवा. पण ते प्रत्यक्ष रुग्णापर्यंत यायला चारशे वर्षं लागली.

मधल्या काळात प्रश्न आला बुडालेल्यांचा. कालव्यांच्या ॲम्स्टरडॅममध्ये १७६७ साली आणि लंडनमध्ये १७७४ साली बुडालेल्यांना वाचवणाऱ्या संस्था निघाल्या. त्याच्याही आधी, १७३२ साली, स्कॉटलंडमध्ये विल्यम टॉसाक या शल्यचिकित्सकानं खाणीत धुरानं गुदमरलेल्या कामगाराच्या तोंडाला तोंड लावून हवा फुंकली होती आणि तो माणूस उठला होता. पण परक्याच्या तोंडाला तोंड लावणं लोकांना रुचेना, आणि बाहेर सोडलेली हवा ‘वापरलेली’ असते अशी शंकाही होती. मग आला भाता. लोहाराचा असतो तसा, फक्त छोटा. नाकात किंवा घशात नळी घालून भात्यानं हवा भरायची.

आता पुढचं नीट ऐका, कारण हे आपल्याला पुन्हा लागणार आहे. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये ल्रॉय द’एतिओल यानं प्राण्यांवर दाखवून दिलं, की भाता जोरात दाबला तर फुप्फुस फाटतं आणि हवा छातीच्या पोकळीत शिरून जीव जातो. वैद्यकानं यावर भाताच टाकून दिला. खरं तर चूक भात्याची नव्हती, किती दाबायचं हे न शिकवलेल्या हाताची होती. पण त्या धसक्यानं फुप्फुसात हवा ढकलण्याची वाट जवळजवळ शंभर वर्षं ओस पडली.

त्याऐवजी छाती-पाठ दाबायच्या पद्धती आल्या. पालथं झोपवा, पाठ दाबा, हात उचला. आपल्याकडे विहिरीतून काढलेल्या माणसाला पालथं घालून पोटातलं पाणी काढायची जी धडपड अजूनही होते, ती याच पठडीतली. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पीटर सफार यानं स्वतःहून तयार झालेल्या माणसांना औषधानं श्वास थांबलेल्या अवस्थेत ठेवून मोजमाप केलं. पाठ दाबून आत जाणारी हवा फारच थोडी, तोंडानं फुंकलेली पुरेशी. सुईणीची फुंकर बरोबर होती, हे सिद्ध व्हायला १९५८ उजाडावं लागलं.

लोखंडी फुप्फुस

दरम्यान पोलिओनं जग हादरवलं होतं. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूवर हल्ला करतो. लुळेपणा आलेल्या बहुतेक मुलांचा पाय जातो, पण काहींचे श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. मूल पूर्ण शुद्धीवर असतं, आईकडे बघत असतं, आणि गुदमरत असतं.

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात १२ ऑक्टोबर १९२८ रोजी अशाच एका आठ वर्षांच्या मुलीला एका मोठ्या लोखंडी पिंपात ठेवलं गेलं. डोकं तेवढं बाहेर, गळ्याभोवती रबराची पट्टी. विजेच्या पंपानं पिंपातली हवा ओढून घेतली की छाती आपोआप फुगायची आणि बाहेरची हवा नाकातून आत जायची. हवा परत सोडली की छाती बसायची. हे फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांचं यंत्र. लोक त्याला ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणू लागले. भात्यात आणि यात फरक काय? भाता हवा आत ढकलतो, हे यंत्र छाती बाहेरून ओढतं. नैसर्गिक श्वास असाच असतो, म्हणून हे बरं वाटलं.

पण ते महाग होतं. ऑस्ट्रेलियातल्या बोथ बंधूंनी १९३७ च्या सुमारास प्लायवूडची स्वस्त पेटी बनवली. मोटारींचा कारखानदार लॉर्ड नफिल्ड याला ती आवडली आणि त्यानं आपल्या कारखान्यात अशा सतराशेहून अधिक पेट्या बनवून ब्रिटिश साम्राज्यातल्या रुग्णालयांना फुकट वाटल्या. मोठं काम. तरी एक अडचण राहिलीच. पेटीत माणूस ठेवला की त्याच्या अंगाला हात लावणं कठीण. घशात लाळ साचली तर ती छातीत उतरायची. पेटी श्वास देत होती, पण माणसाला आपल्या हातांपासून तोडत होती.

कोपनहेगन, १९५२

आता या इतिहासाच्या मध्यावर आलो. इथे थोडं थांबू.

१९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. सगळे रुग्ण ब्लेगडॅम या साथरोग रुग्णालयात येत होते. काही दिवस तर दिवसाला पन्नास. आणि रुग्णालयात मोठं लोखंडी फुप्फुस किती? एक. जोडीला छातीवर बसवायची चिलखतासारखी सहा लहान यंत्रं. पहिल्या काही आठवड्यांत श्वास लुळा पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

प्रमुख डॉक्टर लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावलं. साथरोगाच्या वॉर्डात भूलतज्ज्ञाचं काय काम, असा प्रश्न तेव्हा पडला असणार. पण इब्सेन यांनी शवविच्छेदन पाहिलं: फुप्फुसं तर ठीक आहेत. मग मृत्यू कशानं? रक्ताच्या तपासणीत जो दोष डॉक्टर वेगळ्याच बिघाडाचा समजत होते, तो इब्सेन यांना साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटला. मुलं फक्त प्राणवायूच्या कमतरतेनं नाही, तर घाण हवा बाहेर न पडल्यानं मरत होती. वरून ती गुलाबी दिसत, घाम यायचा, रक्तदाब वाढायचा, आणि संपायचं.

२७ ऑगस्ट १९५२. बारा वर्षांची मुलगी, चारही हातपाय लुळे, गुदमरत असलेली. तिच्या घशाखाली श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवली, आणि इब्सेन यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीत रोज वापरायची रबरी पिशवी त्या नळीला जोडली. सुरुवातीला काही जमेना, मुलगी झटत होती, हवा जाईना. बघायला आलेले डॉक्टर एकेक करून बाहेर पडू लागले म्हणतात. इब्सेन यांनी तिला गुंगीचं औषध दिलं, तिची झटापट थांबली आणि पिशवी दाबताच छाती उचलली जाऊ लागली. मुलगी वाचली.

उपाय सापडला. पण आता? एकाच वेळी सत्तर-सत्तर रुग्ण, प्रत्येकाला रात्रंदिवस, मिनिटाला पंधरा-वीस वेळा पिशवी दाबायची. यंत्र नाही. मग शहरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं, दंतवैद्यकाचे विद्यार्थीही आले. सुमारे पंधराशे तरुण. त्यांना शिकवलं, पाळ्या लावल्या, देखरेखीला डॉक्टर नेमले. एक विद्यार्थी, एक मूल, एक पिशवी. काही जण दुसऱ्या हातानं पुस्तक धरून मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे. सगळ्या साथीत मिळून या हातांनी एक लाख साठ हजारांहून अधिक तास पिशवी दाबली असा हिशेब आहे. दहातले आठ-नऊ मरत होते, ते प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी, १९५३च्या डिसेंबरमध्ये, इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात एक स्वतंत्र खोली उघडली. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून तिचा उल्लेख होतो.

लक्षात घ्या, अतिदक्षता विभाग म्हणजे आपल्याला यंत्रांची खोली वाटते. त्याचा जन्म मात्र यंत्राच्या अभावातून, माणसांच्या पाळ्यांमधून झाला. आज व्हेंटिलेटर जे करतो ते त्या विद्यार्थ्यांच्या हाताचं काम: ठरलेल्या वेळी, ठरलेली हवा, ठरलेल्या दाबानं. शंभर वर्षांपूर्वी भात्यानं जे बिघडलं होतं, ते इथे शिकवलेल्या हातानं सुधारलं.

आपल्याकडेही ही विद्या आली. धनुर्वात हा तेव्हा आपल्या शेतकऱ्यांचा, बाळंतिणींचा, नवजात बाळांचा काळ होता. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया यांनी अतिदक्षता उपचार रुजवले आणि धनुर्वातावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आकडी थांबवायला स्नायू औषधानं सैल करायचे, आणि तेवढा काळ श्वास बाहेरून द्यायचा, हे त्या उपचाराचं मर्म.

पिशवी गावात येते

कोपनहेगनच्या पिशवीला एक मर्यादा होती. ती फुगायला सिलिंडर लागायचा. डेन्मार्कमध्येच, मालमोटार चालकांच्या संपामुळे रुग्णालयांचा प्राणवायू अडायची वेळ आली, आणि त्यातून भूलतज्ज्ञ हेनिंग रूबेन यांना आपोआप फुगणारी पिशवी सुचली असं सांगतात. पहिल्या नमुन्यात आतून आधार द्यायला सायकलचे स्पोक वापरले होते म्हणे. होल्गर हेसे यांच्यासोबत १९५६ च्या सुमारास ती बाजारात आली. नाव अंबू. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणतो, तसं अशा प्रत्येक पिशवीला आता अंबू बॅगच म्हणतात. वीज नको, सिलिंडर नको. दाबली की हवा आत, सोडली की पिशवी स्वतः फुगते.

आणि या साध्या वस्तूची एक मोठी परीक्षा आपल्या महाराष्ट्रात झाली आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९०च्या दशकात ३९ गावांत प्रयोग केला. गावातलीच थोडंफार शिकलेली बाई निवडायची, तिला आरोग्यदूत म्हणून तयार करायचं, आणि घरच्या बाळंतपणात सुईणीबरोबर तिनं बाळासाठी हजर राहायचं. बाळ श्वास घेत नसेल तर सुरुवातीला तोंडानं फुंकर, पुढे नळी-मास्क आणि त्याही पुढे पिशवी-मास्क. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यात जंतुसंसर्गावरचे उपचार, ऊब, स्तनपान हे सगळं होतं. श्वास कोंडलेल्या बाळांचा हिशेब २००५ साली वेगळा मांडला गेला, आणि त्या कारणानं होणारे मृत्यूही जवळपास दोन-तृतीयांशानं घटलेले दिसले.

याच मंडळींनी श्वास मोजायचं एक साधन केलं होतं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी. ज्या सुईणीला आकडे मोजता येत नाहीत तिनं बाळाचे श्वास बघत मणी सरकवायचे. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया असू शकतो. आपण सुरुवातीला घड्याळ बघून जे केलं, तेच.

यातून पुढे देशभर आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम २०११ पासून आला, आणि प्रसूतिगृहातल्या परिचारिकांना बाळाचा श्वास सुरू करायचं प्रशिक्षण २००९ पासून. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली हे चांगलंच. पण दवाखान्याच्या भिंती बाळाला श्वास देत नाहीत. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात पिशवी हाताशी हवी, तिचा मास्क बाळाच्या मापाचा हवा, आणि दाबणाऱ्याला ‘दाब–सोड–सोड’ ही लय यायला हवी.

बाळांचंच नाही. आपला हा भाग शेतीचा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि श्वासाचे स्नायू थकत जातात. सर्पविषावरची लस द्यायलाच हवी, पण तेवढ्यानं लुळे पडलेले स्नायू लगेच उठत नाहीत. काही तास, कधी काही दिवस श्वास बाहेरून द्यावा लागतो. तेवढा वेळ कुणी श्वास दिला तर तो माणूस आपल्या पायांनी घरी जातो. वाटेत गाडीत हवा देणारं कुणी नसेल, तर लस अंगात असूनही जातो.

एप्रिल २०२१

आता प्राणवायूकडे येऊ, म्हणजे साखळीच्या दुसऱ्या कडीकडे. पिशवी असो की व्हेंटिलेटर, आजारी फुप्फुसाला साधी हवा पुरत नाही. प्राणवायू वेगळा ओळखला गेला तो १७७०च्या दशकात. रुग्णाला तो पद्धतशीर द्यायची रीत पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं भाजलेल्या सैनिकांसाठी जे. एस. हाल्डेन यांनी घालून दिली. तो किती पोचतोय हे बोटावरून कळायची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ची. हे गृहस्थ एप्रिल २०२० मध्ये वारले, नेमकं जग त्यांच्या यंत्रात बोट घालून बसलं होतं तेव्हा.

प्राणवायू साठवतात द्रवरूपात, उणे १८३ अंशांवर. एक लिटर द्रवाचे साधारण साडेआठशे लिटर वायू होतात, म्हणून टँकर परवडतो. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर. साध्या मास्कवर मिनिटाला दहा लिटर लागले तर एक सिलिंडर बारा तासांच्या आतच संपतो. नाकातून जोरात हवा सोडणाऱ्या यंत्रावर मिनिटाला साठ लिटर लागले तर दोन तासांतच. दुसऱ्या लाटेत हे गणित जिल्ह्याजिल्ह्यात कोसळलं.

२१ एप्रिल २०२१ चा दिवस नाशिककर विसरणार नाहीत. महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. पांढरे ढग आवारभर पसरले, नळ्यांमधला दाब उतरला. वॉर्डात व्हेंटिलेटर होते, डॉक्टर होते, परिचारिका होत्या. नातेवाईक सिलिंडर ओढत धावत होते. त्या दिवशी २२ रुग्ण गेले, नंतर आकडा २४ झाला. आम्ही इथे कुणाला दोष द्यायला उभे नाही. इतिहास म्हणून एवढंच म्हणतो: यंत्रं चालू होती, त्यांच्या मागची हवा थांबली.

त्याच आठवड्यात रेल्वे कामाला लागली होती. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर वाघिण्यांवर चढवून विशाखापट्टणमला निघाले. देशातली पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’. भरून परत येताना तीन टँकर नागपूरला उतरले आणि चार २४ एप्रिलला नाशिकला पोचले, म्हणजे आपल्या मनमाडवरून. आपल्या शेजारच्या लोहमार्गावरून त्या दिवशी श्वास गेला.

आणि त्याच काळात शेजारच्या खानदेशात, नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात, तुलनेनं शांतता होती. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, जे स्वतः वैद्यकीय पदवीधर, त्यांनी २०२० सालीच, पहिल्या लाटेत, हवेतून प्राणवायू वेगळा करणारं संयंत्र बसवून घेतलं होतं आणि पुढे आणखी वाढवली. या संयंत्रात खास दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांहून शुद्ध प्राणवायू पुढे जातो. पण आम्हाला संयंत्राहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. तिथे ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. त्यांचं काम काय? खाटाखाटांवर फिरून बघायचं, कुणाला गरजेपेक्षा जास्त प्राणवायू सुटतोय का, नळ उघडा राहिलाय का, आकडा सुधारला असेल तर प्रवाह कमी करायचा. गाडीत घाबरत घाबरत आम्ही जे केलं, ते तिथे शिकलेल्या हातांनी शांतपणे केलं जात होतं.

आपल्या तालुक्याचं काय?

इथवर ऐकल्यावर कुणी म्हणेल, म्हणजे व्हेंटिलेटर नकोत, पिशव्या पुरेत? तसं अजिबात नाही. पिशवी म्हणजे पूल आहे, मुक्कामाचं ठिकाण नाही. मोठ्या शहरांतसुद्धा नातेवाइकानं रात्रभर अंबू बॅग दाबत बसल्याच्या बातम्या आपण वाचतो. बाहेरून ते कोपनहेगनसारखं दिसेल. पण फरक बघा. कोपनहेगनचे विद्यार्थी शिकवलेले होते, त्यांची पाळी संपत होती, मागे डॉक्टर उभा होता. इथे एक न शिकवलेला, न झोपलेला, घाबरलेला भाऊ किंवा बाप असतो, आणि आपला हात थांबला तर काय, या विचारानं त्याचं आयुष्यभराचं ओझं होतं. तिथल्या हातांना संघटना म्हणतात, इथल्याला निराधारपणा.

आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ अत्याधुनिक, म्हणजे व्हेंटिलेटर असलेल्या. बाकीच्यांत भिस्त सिलिंडरवर, पिशवीवर आणि आतल्या माणसावर. लाटेनंतर ठिकठिकाणी संयंत्रं आली, व्हेंटिलेटर आले. आम्ही काही ठिकाणी पाहिलं, व्हेंटिलेटर प्लॅस्टिकच्या आवरणात तसाच उभा, कारण चालवणारं कुणी नाही. संयंत्र आहे, पण वीज गेल्यावर जनरेटर सुरू होतो का हे कुणी महिन्यातून एकदा तपासत नाही.

येवल्यात हे समजावून सांगायला लागू नये. पैठणीचा माग कितीही चांगला असो, तो आपोआप विणत नाही; रेशीम वेळेवर आलं नाही आणि मागावर बसणारा नसेल, तर ते नुसतं लाकूड. व्हेंटिलेटरचंही तसंच.

म्हणून जाताना आम्ही तीन प्रश्न ठेवून जातो. तुमच्या गावाला जवळचं प्रसूतिगृह जे असेल, तिथे बाळाच्या मापाची पिशवी आणि मास्क आहे का, आणि शेवटचं प्रशिक्षण कधी झालं? आपल्या सरकारी दवाखान्यात प्राणवायूचा दाब रोज वहीत लिहिणारा माणूस कोण? आणि या सभागृहात श्वास थांबलेल्या माणसाला तोंडानं किंवा पिशवीनं हवा देता येईल असे हात किती? व्हेंटिलेटरला लाखो रुपये लागतात. पिशवी दोन-तीन हजारांच्या आत येते, आणि ती वापरायला शिकणं एका दुपारचं काम आहे. तालुक्यातल्या कॉलेजच्या मुलांनी, शिक्षकांनी, रिक्षा आणि जीप चालवणाऱ्यांनी ती एक दुपार द्यायची ठरवली, तर शिकवणारे डॉक्टर आणू ही जबाबदारी आमची. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, नावं तिथे लिहा.

१९५२ साली त्या बारा वर्षांच्या मुलीच्या खाटेपाशी हात पोचला म्हणून ती जगली. आपल्यापासून तो हात ऐंशी किलोमीटर दूर असू नये, एवढंच म्हणणं.

 आता प्रश्न घेऊ या.